‘तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय’ : तोतया पोलिसांचे फोन आणि सगळ्यांना दिसणाऱ्या आपल्या नोंदी
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात वकिली करते. पक्षकार तारीख विचारायला येतात, बोलणं संपतं, चपला घालतात आणि दारातून परत वळून म्हणतात, ‘मॅडम, एक फोन आला होता.’ खरं काम तिथून सुरू होतं. दारात उभं राहून विचारलेल्या त्या प्रश्नांची ही उत्तरं, बोलताना देते त्याच भाषेत.

फोनवरच्या माणसाला माझा गुन्हा नंबर, कलम, वडिलांचं नाव सगळं बरोबर माहीत होतं. मग तो पोलीस नाही असं कशावरून?

कारण ही सगळी माहिती घरबसल्या कुणालाही मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला की एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायचा. लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे संवेदनशील प्रकार त्यातून वगळले आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर जिल्हा, ठाणं आणि तारीख निवडली की यादी समोर येते. कोर्टांच्या ई-कोर्ट्स साइटवर तर पक्षकाराचं नाव टाकलं की खटला, पुढची तारीख, न्यायाधीश सगळं दिसतं. हे आरोपीच्या सोयीसाठीच केलं. पूर्वी एफआयआरच्या प्रतीसाठी माणूस आठ-आठ दिवस हेलपाटे घालायचा. सोयीसाठी ठेवलेल्या त्याच दारातून आता चोर आत येतोय.

कोरेगावकडचे एक शेतकरी माझ्यासमोर बसले होते. बांधावरून झालेल्या मारामारीची जुनी केस. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, स्पीकरवर टाकायला लावला. ‘आपल्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट जारी करण्यात आलेला आहे. आपण तात्काळ अठरा हजार पाचशे रुपये जमा करावेत, अन्यथा पथक रवाना होईल.’ गुन्हा नंबर बरोबर, साल बरोबर. आमचे शेतकरी खुर्चीतून उठून उभे राहिले आणि फोनला म्हणाले, ‘व्हय साहेब.’ मी विचारलं, ‘साहेब, केसची पुढची तारीख कोणती?’ म्हणे, ती गोपनीय आहे. तारीख खाली कोर्टाच्या बोर्डावर लावलेली होती. मग प्रत्येक हवालदाराला असतो तो पोलीस क्रमांक विचारला, ‘तुमचा बक्कल नंबर सांगता का?’ तिकडून उत्तर आलं, ‘कसला नंबर?’ आणि फोन कट झाला.

त्या भाषेकडेही लक्ष द्या. आपल्याकडचा हवालदार ‘पथक रवाना होईल’ असं फोनवर बोलत नाही. तो म्हणतो, ‘काय ओ, तारखेला आला न्हाईसा? या की उद्या ठाण्यात.’

माझ्यावर एकही केस नाही. मग माझी माहिती कुठून मिळाली?

मतदारयादीत तुमचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय आणि घर क्रमांक असतो. सातबाऱ्यावर गट नंबर, क्षेत्र, कर्जाचा बोजा. घर घेतलं असेल तर सूची क्रमांक दोनवर खरेदीदार, विकणारा आणि रक्कम. दुकान असेल तर जीएसटी क्रमांकावरून नाव आणि पत्ता. यापैकी एकाही कागदावर मोबाइल नंबर नसतो. तो आपण सोडत कूपनवर, वधू-वर सूचक मेळाव्यात, दुकानाच्या पाटीवर आधीच वाटलेला असतो. चोर दोन कागद शेजारी ठेवतो, एवढंच.

म्हणून ‘त्याला माझ्या जमिनीचा गट नंबर माहीत होता’ हा पुरावा नव्हे. तो गावातल्या सगळ्यांनाच माहीत असतो.

म्हणजे खरे पोलीस फोन करतच नाहीत?

करतात, आणि गोंधळ इथेच होतो. ‘पोलीस कधीही फोन करत नाहीत’ असं सरसकट सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. पासपोर्टची चौकशी, साक्षीदाराला निरोप, जबाबाची वेळ यासाठी हवालदार स्वतःच्या मोबाइलवरूनही फोन लावतो.

फरक एका गोष्टीत आहे. खरा पोलीस तुम्हाला बोलावतो, तोतया तुम्हाला फोनवर धरून ठेवतो. खरा म्हणतो, ठाण्यात या, कागद घेऊन या, वकील आणायचा तर आणा. तोतया म्हणतो, फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका, खोलीचं दार लावून घ्या.

तेव्हा म्हणायचं एवढंच: ‘नाव, ठाणं आणि बक्कल नंबर सांगा, मी येतो.’ अधिकारी असेल तर त्याला बक्कल नंबर नसतो, मग नाव आणि हुद्दा विचारा. आणि फोन ठेवून द्या. त्याने दिलेल्या नंबरवर उलट फोन करू नका; तो त्याच्याच साथीदाराचा असतो. ठाण्याचा नंबर महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवरून घ्या आणि ठाणे अंमलदाराला विचारा. गावात असाल तर पोलीस पाटलांकडे जा. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला हा माणूस आपण उरुसाच्या बंदोबस्तापुरताच आठवतो, पण ‘या नावाचा हवालदार आपल्या बीटला आहे का’ याचं उत्तर त्याच्याकडे मिनिटात मिळतं.

साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे महिला, १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं.

वॉरंट खरंच निघालं असेल तर? फोनवर पैसे भरून ते रद्द होतं का?

नाही. वॉरंट कोर्ट काढतं, पोलीस ते फक्त बजावतात. रद्दही कोर्टच करतं. तारखा चुकल्यामुळे वॉरंट निघालं असेल तर वकिलासोबत त्या न्यायाधीशांपुढे हजर व्हायचं आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. गैरहजेरीचं कारण पटलं तर बहुतेकदा त्याच दिवशी निकाल लागतो. कोर्टाने दंड किंवा खर्च लावला तर तो नाझराकडे, म्हणजे कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे भरायचा आणि पावती घ्यायची. कुठल्याही कोर्टाचा दंड कुण्या ‘राहुल एंटरप्रायझेस’सारख्या नावाच्या क्यूआर कोडवर भरला जात नाही.

घाबरण्याआधी ई-कोर्ट्सचं मोफत अ‍ॅप उघडा, आपल्या केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाका. केस कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसेल. नंबर माहीत नसेल तर तुमच्या वकिलांना विचारा. आणि आमच्यापैकी कुणी फोन उचलत नसेल तर कोर्टात येऊन उभे राहा. उन्हाळी सुट्टी सोडली तर आम्ही तिथेच असतो.

माझी केस चेक न वटल्याची आहे. तो म्हणाला, ‘१३८ चा एफआयआर झालाय, अटक होईल.’

हा खोटारडेपणा ओळखायला सगळ्यात सोपा. कलम १३८ च्या प्रकरणात एफआयआर नसतो. समोरचा माणूस थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करतो आणि कोर्ट समन्स काढतं. गुन्हा जामीनपात्र आहे. तारखांना दांडी मारत राहिलात तर वॉरंट निघतं, हे खरं. म्हणूनच हा फोन त्यांना जास्त लागतो: ज्यांनी दोन तारखा बुडवल्यात आणि घरी सांगितलेलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का-सहीची नोटीस आलीय. अशोकस्तंभही आहे.

पोलिसांची हजर राहण्याची नोटीस, म्हणजे पूर्वीचं ४१-अ आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बजावणी झाली असं धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०२५ रोजी सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. नोटीस हातात मिळायला हवी.

कोर्टाच्या समन्सचं मात्र वेगळं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत ते इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येतं. म्हणून कागद फेकून देऊ नका आणि त्यावरून पैसेही पाठवू नका. त्यावरचा केस नंबर ई-कोर्ट्सवर टाकून बघा. आणि त्यासोबत आलेली कुठलीही एपीके फाइल उघडू नका, कारण ती नोटीस नसून अ‍ॅप असतं.

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला अधिकारी होता, मागे पोलीस ठाणंही दिसत होतं. म्हणे, ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.’

अशी अटक आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे देशाला सांगितलं. खऱ्या अटकेत पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी असते, अटकेचा पंचनामा होतो, कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. यातलं काहीही मोबाइलच्या पडद्यावर होत नाही.

गणवेश भाड्याने मिळतो. साताऱ्यात हे वेगळं सांगावं लागतं, कारण इथे घरटी फौजी. आयुष्यभर हुकूम ऐकलेला निवृत्त सुभेदार गणवेश दिसला की आधी सावधान होतो, विचार नंतर. पूर्वी ‘पुढे चोरी झालीय, दागिने पिशवीत ठेवा’ म्हणत आजीबाईंना गंडवणारे दोघं मोटारसायकलवरून यायचे. पोलीस असल्याची बतावणी जुनीच आहे.

आमचे नातेवाईक विट्याकडचे, मुलगा गलाईच्या दुकानात परराज्यात. ‘मुलाला सोन्यासकट पकडलंय’ असा फोन आला.

माझं सासर तिकडचंच, त्यामुळे हा प्रश्न लग्नकार्यातही पाठ सोडत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली आहेत. कुठल्या गावातलं कोण कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि दुकानाची नोंदणी उघड असते. फोनवर कुणीतरी रडतं, आवाज मुलासारखाच वाटतो. आधी फोन कट करा. मुलाला, नाहीतर शेजारच्या दुकानातल्या गाववाल्याला फोन लावा. गलाईवाल्यांचं जाळं पोलिसांपेक्षा जलद चालतं. अर्ध्या तासात मुलगा कुठे जेवतोय तेही कळेल. मुलगा फोन उचलत नसेल तरी पैसे पाठवू नका. त्या शहरातल्या ठाण्याला गाववाल्यालाच प्रत्यक्ष पाठवा.

खरं सांगा मॅडम, चहापाणी द्यावं लागतंच. मग हे खरं का वाटू नये?

हा प्रश्न मला फार जण विचारतात, आवाज बारीक करून. खरं आहे. पैसे मागणारा आवाज ओळखीचा वाटतो म्हणूनच हा धंदा चालतो. आपण लाच मनात इतकी धरून चाललोय की ‘साहेबांना इतके, मला इतके’ हे ऐकून माणूस सावध होण्याऐवजी निर्धास्त होतो.

उत्तर सरळ आहे. मागणारा खरा सरकारी नोकर असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४. तोतया असेल तर १९३०. दोन्हीकडे पैसे द्यायचे नाहीत.

‘तुमच्यावर चॅप्टर केस झालीय, तडीपारी येईल’ असं गणपतीच्या आधी मंडळाच्या पोराला सांगितलं.

वेळ बरोबर साधलीय. सणासुदीला आणि निवडणुकीला पोलीस खरंच नोटिसा काढतात. पूर्वी सगळ्यांच्या तोंडी ताकिदीची १४९ ची नोटीस असायची, आता ती नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८. चॅप्टर केसमध्ये चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे लिहून द्यायचं असतं, म्हणजे तहसील किंवा प्रांत कार्यालयात. फोनवर नाही. तडीपारीआधी म्हणणं मांडायची संधी देणारी लेखी नोटीस येते.

एमएच-११ गाडीचं चलन थकलंय म्हणून लिंक आली.

लिंक दाबू नका. ई-चलनाची अधिकृत साइट स्वतः टाइप करून गाडी नंबर टाका. चलन असेल तर तिथेच भरा.

पैसे गेले. आता?

हे वाचणं थांबवा आणि १९३० ला फोन लावा. मग पुढचं वाचा.

१९३० ही फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. तिथे नोंद झाली की पैसे ज्या खात्यात पोचलेत त्या बँकेला निरोप जातो आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवली जाते. चोर ती रक्कम काही वेळात चार-पाच खात्यांत फिरवून काढून घेतो, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. हाताशी ठेवायचं ते म्हणजे यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, रक्कम, तुमच्या बँकेचं नाव. त्याचे मेसेज रागाने डिलीट करू नका, तोच पुरावा. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर तक्रार पूर्ण करा आणि बँकेला लेखी कळवा.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा आधार बरेच जण घेतात: बँकेचा किंवा तुमचा दोष नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. पण तोतयाच्या सांगण्यावरून तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेत, तर बँक त्याकडेच बोट दाखवते. म्हणून इथे परिपत्रकापेक्षा १९३० चा पहिला तास जास्त कामाचा.

गोठलेली रक्कम परत मिळवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली कोर्टात अर्ज करता येतो. अर्ज साधा असतो, बँकेच्या उत्तराची वाट बघण्यात वेळ जातो.

आधार-पॅनचे फोटो दिले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि सरकारच्या संचार साथी साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासा.

ठाण्यात गेलो तर ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले.

हद्दीचं कारण चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते, मग ते पुढे पाठवतात. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने कळवा आणि पोच जपून ठेवा.

तक्रार केली तर माझी जुनी केस सगळ्या गावात होईल.

हीच भीती चोराचा माल. ज्याची पाटी कोरी आहे तो ‘राँग नंबर’ म्हणून फोन आपटतो. ज्याच्या नावावर खरंच काही आहे, हुंड्याची केस, जुगाराची धाड, भावकीची मारामारी, तोच पैसे भरतो. गुन्ह्यापेक्षा बायकोला, सोयऱ्यांना कळेल याची भीती मोठी. तुमची जुनी केस आणि ही फसवणूक यांचा कायद्याने काही संबंध नाही. या तक्रारीत तुम्ही फिर्यादी आहात, आरोपी नाही. जुनी केस ठाण्याच्या दप्तरात आधीच आहे. तिथे कुणाला नवल वाटणार नाही.

महिन्याने दुसरा फोन आला: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रक्रिया शुल्क भरा.’

एकदा फसलेल्यांची पण यादी विकली जाते. पैसे परत मिळवायला पोलीस शुल्क घेत नाहीत. हा त्याच टोळीचा दुसरा फेरा समजा.

एफआयआर किंवा केस इंटरनेटवरून काढून टाकता येते का?

सहजासहजी नाही. संवेदनशील गुन्ह्याचा एफआयआर चुकून साइटवर गेला असेल तर काढायला अर्ज करता येतो. निर्दोष सुटल्यावर नाव झाकण्यासाठी वरच्या न्यायालयात दाद मागतात, पण निकाल एका साच्याचे नाहीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कायद्याने जाहीर करावी लागलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. सातबारा, मतदारयादी ही तर दिसण्यासाठीच असते. माझा सल्ला: या खटाटोपात पैसा घालण्याआधी केस निकाली कशी निघेल ते बघा.

मुलगा अमेरिकेत आहे, तिकडेही असे फोन येतात म्हणतो.

येतात. तिकडे लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही बऱ्याच राज्यांत फोटो-पत्त्यासह इंटरनेटवर उघड असते; १९९६ च्या केंद्रीय कायद्याने ती लोकांना कळवायची वाट मोकळी केली. त्या यादीतल्या माणसाला शेरीफच्या कचेरीतून बोलतोय असं सांगून ‘तुझी हजेरी चुकली, वॉरंट निघालंय’ म्हणतात आणि गिफ्ट कार्डवर पैसे मागतात. माणूस भेदरलेला असतो, त्याची बाजू घेणारं कुणी नसतं. तंत्र तेच.

आपल्याकडे तशी राष्ट्रीय यादी २० सप्टेंबर २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना दिसते. ‘राष्ट्रीय यादीत नाव आलंय, काढायचं तर भरा’ असं कुणी म्हणालं तर समजा, त्याने ती यादी कधी पाहिलेलीच नाही.

पकडले तर त्यांना शिक्षा काय?

सरकारी नोकर असल्याची बतावणी: भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं आणि दंड. त्यावर फसवणुकीचं ३१८, तोतयेगिरीचं ३१९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड. पकडले तर.

वडील ऐकत नाहीत. ‘मला काय कळत नाही का’ म्हणतात.

माझे वडीलही हेच म्हणायचे. त्यांना फसवणुकीच्या बातम्या वाचून दाखवणं मी बंद केलं. टीव्हीशेजारी, जिथे फोन चार्जिंगला लावतात, तिथे कागद चिकटवला: ‘बक्कल नंबर विचारा. येतो म्हणा. फोन ठेवा.’ खाली पोलीस पाटलांचा नंबर, माझा नंबर, १९३०. परवा पासपोर्टच्या चौकशीला खरा हवालदार फोनवर होता. वडिलांनी त्यालाही बक्कल नंबर विचारला. त्याने हसून सांगितला आणि दुपारी घरी येऊन चहा घेऊन गेला.